डोमिसाइलच्या टाळ्या

मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी लागणारा डोमिसाइलचा दाखला मी स्वतःच्या नावाने काढून आणला. घरातलं लाइट बिल, गॅस, सगळं माझ्याच नावावर; त्याच ऐटीत "अर्जदार कोण?" या प्रश्नाला मी "मीच!" म्हणून मोकळा झालो.

विचारणारी होती मानपाडा रोडवरच्या सेवा केंद्रातली बाई. तोंडात बडीशेप, नजर स्क्रीनवर, बोलणं धावतं. कुणाचाही दाखला आला की ती बक्षीस समारंभासारखं नाव पुकारते आणि रांगेतल्यांना टाळ्या वाजवायला लावते. माझं नाव पुकारलं तेव्हा मी चक्क वाकून नमस्कार केला होता. घरी मुलीने कागद वाचला आणि रडायलाच लागली. तिचा दाखला नसेल तर सरकारी कॉलेजातली राज्याच्या कोट्यातली सीट जाणार होती.

धावत जाऊन पुन्हा अर्ज केला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत काहीच खबर नाही. मी गॅलरीत येरझारा घालतोय, तोच खालून आरोळी आली. मुलीचं नाव, माझ्या नावासकट, आडनावासकट! बाई गिऱ्हाईकं तशीच सोडून, कागद फडकावत आली होती. सगळ्या गॅलऱ्या भरल्या, टाळ्या पडल्या. मी एकाच पायात चप्पल घालून खाली धावलो, मागोमाग मुलगी. मी हात पुढे केला.

मला वळसा घालून तिने दाखला मुलीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "काका, कॉलेजात तरी हिलाच जाऊ द्या हां!"