पाइपातला श्वास

थिएटरच्या खुर्च्या शिवणाऱ्या मावशींना भीतीचे सिनेमे मुळीच आवडत नसत. पडद्यावर कुणी एकटंच अंधारात जिना उतरायला लागलं, की त्या डोळे गच्च मिटून घेत आणि "मेली जातेच कशाला तिकडे!" असं पुटपुटत. तरीही समुद्राच्या तळाशी घडणारा तो एक जुना सिनेमा त्यांच्याइतक्या वेळा कुणीच पाहिला नसेल.

गोष्ट साधी आहे. पाण्याखालच्या तळावर काम करणारी मूठभर माणसं, आणि पाइपांतून आत शिरलेलं काहीतरी. ते शेवटी दिसतं तेव्हा हसूच येतं, कारण ते रबराचं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. यंत्रांवरची बटणं तर सरळसरळ मिक्सरची वाटतात. पण दिसण्याआधी त्याचा श्वास ऐकू येतो. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी बारीकसा 'हं', कुणी काही बोलणार होतं आणि राहू दिलं, तसा. त्या श्वासाने किती पोरांची झोप उडवली याला गणती नाही. शाळेत मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या मानेशी तो श्वास काढायची आणि किंचाळत पळायची.

तो श्वास मावशींच्या नवऱ्याचा होता.

नवरा सुतार. आयुष्यभर लाकडाचा भुसा छातीत गेल्यामुळे त्याला धाप लागायची. परदेशातून आलेला हा सिनेमा इथल्या भाषेत करायला घेतला, तेव्हा एक घोळ झाला होता. मूळ बोलणं पुसलं की त्याच्याबरोबर त्या प्राण्याचा श्वासही पुसला जाई. मग रेकॉर्डिंगवाल्याने नटांना गुरगुरायला लावलं, कुणाला बादलीत तोंड घालून घोरायला लावलं. सगळ्यांच्या नाकी नऊ आले, पण भीती म्हणून काही वाटेना. त्यात खोलीचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून सुताराला बोलावणं गेलेलं. बाहेर लाल दिवा लागला असेल तर आत जायचं नाही, हा तिथला नियम. पण जिने चढून, खांद्यावर फळी घेऊन आलेला हा माणूस मान वर करून दिवा बघणार कसा? तो थेट आत येऊन माइकशेजारी थांबला. "कोण आहे?" रेकॉर्डिंगवाला ओरडला. उत्तर द्यायला छातीत हवा नव्हती. नुसता 'हं' निघाला.

"चुकलो साहेब," तो दम परतल्यावर म्हणाला. "दार उघडंच होतं."

"दार राहू दे," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "पुन्हा एकदा खाली जाऊन वर ये."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि बजावलं, "कुणाला बोलायचं नाही हं. सुताराची धाप आहे हे कळलं तर लोक घाबरायचे थांबतील." मावशी खूप हसल्या, पण शब्द त्यांनी पाळला. पुढे लेकीला तेवढं सांगितलं, तेही तिचं लग्न ठरल्यावर.

खरं तर त्या धापेचा मावशींना वैताग होता. रोज अंथरुणावर पडलं की मानेशी ते सुरू व्हायचं. "अहो, जरा तिकडे तोंड करून झोपा की," त्या म्हणायच्या, आणि तो बिचारा कूस बदलायचा. मग एका हिवाळ्यात तो गेला. त्याचे फोटो राहिले, रंधा राहिला, त्याने केलेला पाट राहिला. आवाज मात्र कुठेच नव्हता. तेव्हाच्या साध्या माणसांचे आवाज कोण जपून ठेवणार?

म्हणून तो सिनेमा परत लागला की मावशी सुईदोरा बाजूला ठेवून तिकीट काढायच्या. फुकट बस म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. लोक इतकी वर्षं का येतात, यावर मॅनेजर तासभर बोलू शकायचा. छायाप्रकाश काय, दिग्दर्शन काय! मावशींना वाटायचं, ते सगळं असेल बापडं. पण हे जनावर दमलेलं आहे. शेजारच्या खोलीत असं दमलेलं कुणीतरी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी असतंच. त्या श्वासाची भीती वाटते ती तो ओळखीचा आहे म्हणून.

एके दिवशी मॅनेजर खुशीत आला. "मावशी, आपल्या सिनेमाची नवी कोरी कॉपी येतेय! संवाद नव्याने भरलेत, आणि बाकीचे आवाज अगदी मूळचे सापडले."

मावशींची सुई रेक्झिनमध्येच थांबली. "आणि जुनी?"

"ती खराब झाली होती. वितरकाने टाकून दिली."

नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं मावशींना वाटलं, आणि या वेळी तर कुणापाशी रडायचीही सोय नव्हती.

नवी कॉपी लागली त्या दिवशी दुपारच्या खेळाला लेक सोबत आली. "आई, कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" ती म्हणत होती, पण हात सोडत नव्हती. हॉल भरला होता. पिकल्या केसांची माणसं आपापल्या पोरांना घेऊन आली होती. तळावरची बाई पाइपाला कान लावते, ती जागा आली. मावशींनी आज डोळे मिटले नाहीत.

पाइपातून भलामोठा, यंत्रातला वाटावा असा घरघराट झाला. खुर्च्या हादरल्या. काही पोरं दचकली. पण मोठी माणसं नुसती बघत राहिली, पाहुणा समजून दार उघडावं आणि भलताच कुणी उभा असावा तशी.

मग मागच्या रांगेतून एका पुरुषाने तो श्वास काढला. दोन आखूड, एक लांब, आणि 'हं'.

कुणीतरी हसलं. दुसऱ्या कोपऱ्यातून तोच श्वास आला. मग एका बाईने काढला, मग अख्ख्या रांगेने. शाळेत घोटून घोटून पाठ केलेला होता तो, एकाचाही 'हं' चुकला नाही. पडद्यावरच्या घरघराटाला कुणी विचारेना. मावशींच्या अगदी मानेशी, मागच्या खुर्चीतला कुणी अनोळखी माणूस धापा टाकत होता. त्यांना आनंद झाला आणि रडूही आलं, आणि कुठलंच आवरावंसं वाटलं नाही. त्या मागे रेलून बसल्या.

"आई," लेक डोळे पुसत कुजबुजली, "सगळ्यांना बाबांची धाप लागलीय."

"हळू बोल," मावशी म्हणाल्या. "त्यांना कळलं तर घाबरायचे थांबतील."