विभाच्या ताटाचे फोटो

बाळासाहेबांचा मधुमेह म्हणजे चिंचवडच्या त्या घरातलं थोरलं माणूस. त्याच्या वेळेला सगळ्यांनी जेवायचं, त्याला चालत नाही म्हणून श्रीखंड घरात आणायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी, शाळेत पी.टी. शिकवत असताना तो निघाला आणि बाळासाहेबांनी त्याला शिट्टीवर नाचवला. पहाटे पाच किलोमीटर चाल, भात बंद, संध्याकाळी मूठभर फुटाणे. तेव्हापासून त्यांचं ठाम मत होतं, की साखर वाढते ती बेशिस्त माणसाची. त्यामुळे टोकियोत नोकरी करणाऱ्या त्यांच्या सव्वीस वर्षांच्या लेकीच्या, विभाच्या, ऑफिसच्या वार्षिक तपासणीत साखर वाढलेली निघाली, तेव्हा त्यांना काळजीच्या आधी राग आला.

"तिकडे जाऊन काय काय हादडत होतीस?" त्यांनी फोनवर पहिलं हेच विचारलं.

टोकियोतल्या निशी-कसाई भागात विभाच्या घराजवळ एक छोटा दवाखाना होता. तिथल्या सत्तरीच्या डॉक्टरांनी तिचे कागद पाहिले आणि हसून विचारलं, "वडिलांना आहे?" हो म्हणताच त्यांनी मान डोलावली. भारतीय, वडिलांना मधुमेह, म्हणजे टाइप टू. गोळ्या लिहून दिल्या, भात कमी करा म्हणाले, चाला म्हणाले. दोन महिन्यांत वजन चार किलो उतरलंय, हे विभाने मोडक्यातोडक्या जपानीत मुद्दाम सांगितलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "असंच चालू ठेवा."

त्या दिवसापासून बाळासाहेबांनी सूत्रं हातात घेतली. नियम एकच, पहिला घास घेण्याआधी ताटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. विभाने इंडियन दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. उन्हाळा लागल्यावर सुपरमार्केटात कारली दिसायला लागली, तर तीही आणली. एक भाकरी, कारल्याची भाजी, काकडी. फोटो गेला, की चिंचवडहून शेरा यायचा. ‘भाकरी जाड आहे.’ ‘तेल दिसतंय.’ ‘ठीक.’ हा ‘ठीक’ मिळवण्यासाठी ती पोर दिवसभर झटायची. शाळेत वडिलांच्याच हाताखाली कवायत केलेली ती, हुकूम मोडायचं तिला ठाऊकच नव्हतं.

आणि तरी साखर वाढतच होती. महिन्यामागून महिना रिपोर्ट यायचा आणि आकडा वरच. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. विभाला तहान लागायची ती अशी, की दोन लिटरची बाटली दुपारपर्यंत संपायची. ऑफिसला जाताना मेट्रोच्या तोझाई लाइनवर चौदा मिनिटांचा प्रवास, पण तेवढाही तिला निभेना. मधेच मोन्झेन-नाकाचोला उतरून स्वच्छतागृह गाठायचं आणि मागच्या गाडीने पुढे जायचं. ऑफिसात मात्र कौतुक चाललेलं. "विभा-सान, किती बारीक झालात! काय करता सांगा ना," शेजारच्या टेबलावरची मोरिता-सान विचारायची. विभा हसायची. स्कर्ट कमरेला सेफ्टीपिनने आवळलेला असायचा.

जुलैचा रिपोर्ट ग्रुपवर गेला आणि बाळासाहेबांचा फोन आला. आवाज शांत होता. शाळेत ते चिडले, की असाच शांत व्हायचा.

"विभा, साखर खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

"बाबा, मी जे खाते ते सगळं तुम्हाला दिसतं."

"फोटोतलं दिसतं. फोटोबाहेरचं कोणी बघितलंय?" थोडं थांबून ते म्हणाले, "तुमच्याकडे कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक असतात ना? तूच सांगितलं होतंस. कचरा टाकायला जाशील, तेव्हा पिशवीचा फोटो पाठव."

मागे आई, सिंधूताई, म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय!" पण त्यांचं कोण ऐकतंय.

विभाने पाठवला. गुरुवारी सकाळी इमारतीखालच्या कचऱ्याच्या जाळीसमोर उकिडवी बसून तिने आपल्या प्लास्टिकच्या कचऱ्याचा फोटो काढला. जाणारी-येणारी माणसं बघत होती आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मुळीच चोरून खात नव्हती. पण त्या पिशवीत एक वेष्टण होतं. सोमवारी स्टेशनवर डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोनबिनी दुकानातून घेतलेल्या ओनिगिरीचं, म्हणजे भाताच्या एका गोळ्याचं.

दहा मिनिटांत तोच फोटो परत आला. वेष्टणाभोवती लाल गोल काढलेला. खाली दोनच शब्द, ‘हे काय?’

झालं, गुन्हेगार सापडला. तीन महिन्यांच्या साखरेचा सगळा दोष त्या एका गोळ्यावर बसला. आणि वाईट हे, की विभालाही तसंच वाटू लागलं. आपण झोपेत उठून खातो की काय, या शंकेने तिने फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी लावली. पट्टी सकाळी जशीच्या तशी असायची आणि बोट टोचून पाहिलं, तर साखर चढलेली असायची. मग तिने भाकरी अर्धी केली. मग सोडलीच. ‘ठीक’, शेरा आला. ‘आता शिस्त दिसते.’ आरशात तिच्या गळ्याची हाडं वर आलेली दिसत, पण आरसा काही ग्रुपवर नव्हता. आपण अशाच संपत जाणार आणि सगळे म्हणणार, हिनेच ओढवून घेतलं, असं तिला स्पष्ट दिसत होतं. भीती मरणाची नव्हती तेवढी या बोलण्याची होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, मोन्झेन-नाकाचोच्याच फलाटावर, ती उलटी करून खाली बसली ती उठलीच नाही. स्टेशनच्या माणसांनी अँब्युलन्स बोलावली.

इस्पितळात कुबोता नावाची तरुण डॉक्टर होती. तिने सलाइन आणि इन्सुलिन लावलं. दुसऱ्या दिवशी विभा बोलण्याइतपत सावरल्यावर ती खुर्ची ओढून बसली आणि सावकाश, सोप्या जपानीत म्हणाली, "रोज काय खात होता?"

पुन्हा तोच प्रश्न. विभाने फोन पुढे केला. डॉक्टर बोटाने फोटो सरकवू लागली. भाकरी, कारलं. भाकरी, काकडी. अर्धी भाकरी. नुसती काकडी. चार महिन्यांची ताटं तिने एकही न गाळता पाहिली. मग ती थांबली.

"हा कचऱ्याचा फोटो कशासाठी?"

"वडिलांसाठी," विभा म्हणाली.

डॉक्टर कुबोताने फोन बाजूला ठेवला आणि विभाचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "एवढं कमी खाऊन इतकी साखर, आणि अंगावर मांस नाही. हा टाइप टू मला वाटत नाही. रक्ताची वेगळी तपासणी करते."

चार दिवसांनी निकाल आला. टाइप वन. शरीरानेच स्वतःची इन्सुलिन करणारी यंत्रणा मोडीत काढली होती. भाकरी जाड असो की पातळ, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. उपाय इन्सुलिन, रोज, जन्मभर. "तुमचं काहीच चुकलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. जन्मभराची सुई ऐकून विभाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते या वाक्याला आलं आणि थांबेचना.

दुपारी जेवणाचा ट्रे आला. त्यात वाटीभर पांढरा भात होता. सवयीने तिने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं लिहिलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. शेरा आला नाही. भात निवत चालला, तरी ती पहिला घास घेईना.

मग फोन वाजला.

"तो भाताचा गोळा," बाळासाहेब म्हणाले. "त्या दिवशीचा. एकच होता?"

"एकच होता, बाबा."



"तुझा कचरा मी बोटांनी मोठा करून करून बघितला गं," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. विभाने तो आवाज असा कधी ऐकला नव्हता. "माझ्या शिस्तीने तू मेली असतीस."

नाही म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण ते खरं नव्हतं. तिने व्हिडिओचं बटण दाबलं आणि फोन तोंडासमोर धरला. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

बाळासाहेबांनी स्क्रीन जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

"अगं, माझा चष्मा दे," ते सिंधूताईंना म्हणाले. "लवकर दे."