चाफ्याखालचा चिरा

माणसाने थकल्यावर कुठेही टेकावे, पण दुसऱ्याच्या कलाकृतीवर टेकू नये, हे शहाणपण मला बासष्टाव्या वर्षी, टेकल्यानंतर आले. तेव्हा मी स्वतःला फार समंजस समजत असे. आता सत्तरीत त्या पोरकट बाईचे हसू येते. पण ती फजिती सांगायची तर आधी माझ्या धाकट्या दिरांना समोर आणायला हवे. देवाशी इतके बोलणारा आणि माणसांशी इतके कमी बोलणारा प्राणी पेडणे-डिचोलीत दुसरा झाला नाही.

भावजींनी तीस वर्षे सुर्ल्याच्या खाणीवर टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक चालवला. रोज सकाळी टिपरच्या तोंडासमोर हात जोडून गाऱ्हाणे, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेले साकडे: "बा देवा म्हाराजा, उतरणीक बिरेक लागू दे, आनी फुडच्या टिपरवाल्याक बुद्धी दी रे म्हाराजा!" भोवतीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचेच. गॅसचे सिलिंडर आले, गाऱ्हाणे. मिक्सर आणला, गाऱ्हाणे. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी तर डॉक्टरांपुढेच त्यांनी इतके रंगून घातले की तो भला माणूस मास्कच्या आतून "व्हय म्हाराजा" म्हणून गेला! मात्र त्यांची एकुलती लेक शिल्पकला शिकली, त्यावर देवापाशी नाही की माणसांपाशी नाही, एक शब्द नाही. तिचे काम पाहायला ते कधी गेलेच नाहीत. शेवटी ती मला म्हणाली, "काकी, ह्या खेपेक बाबांक घेवन ये. नाय इले तर परत बोलवचंय नाय."

आणि ह्या खेपेचे प्रदर्शन कुठे, तर नदीकाठच्या जुन्या सिमितेरीत, ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत. शेजारीण म्हणालीच, "मसणात गो कसलां प्रदर्शन!" मी भावजींना जवळजवळ ओढत नेले. फाटकाशी ते थांबले. "हंय निजलेल्या समस्तांनो, आमी परके. चुकलां-माकलां पदरात घेया म्हाराजा!" राखणदाराने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

आत गेलो आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईचाही आवाज आपोआप खाली उतरला. शेवाळलेले संगमरवरी देवदूत, कुणाचा पंख गेलेला, कुणाचे नाक. नावे झिजून गेलेल्या समाध्या. आणि त्यांच्यामधून उगवल्यासारखी नवी शिल्पे. तारांचे एक झाड वाऱ्याबरोबर किणकिणत होते. मातीचे कितीतरी हात जमिनीतून वर आले होते, आणि त्यांच्या ओंजळींत चाफा आपली फुले टाकत होता. जुने कुठे संपते, नवे कुठे सुरू होते, कळेना. इतकी माणसे निजलेली आणि इतके जागे काहीतरी, असे मी कधी पाहिले नव्हते.

पण गुडघे कुठे भारावतात! चाफ्याखाली एक मोठा तांबडा चिरा दिसला, मधोमध छान खोलगट. बसले. पिशवीतून सकाळचा उंडा पाव काढला, मोडला, घास घेतला, तोच पुतणी धावत आली. "काकी, ऊठ! ऊठ आधी! ह्यां माजां काम!"

मी उठले, लुगड्याला लाल धूळ. भावजी मात्र त्या खळग्याकडे पाहत राहिले. तो उजवीकडे जास्त खोल होता. मागचे चाक पाहायला जन्मभर खिडकीकडे कलून बसणाऱ्या माणसाची टिपरमधली सीट! त्यांनी खळग्यातून हात फिरवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा..."

सिलिंडरपुढे पाव तास बोलणारा माणूस तिथेच अडला. लेक बाजूला उभी. माझ्या तोंडात घास. शेवटी तीच म्हणाली, अगदी हळू, "व्हय म्हाराजा."

परतीच्या बसमध्ये मी शरमेने शंभरदा माफी मागितली. भावजी खिडकीबाहेर पाहत होते. आता ते नाहीत. नवे सिलिंडर आले की त्याच्यापुढे मीच दोन शब्द पुटपुटते, आणि त्या दिवशी बस धारगळला आल्यावर ते जे बोलले ते आठवते. "वैनी, तुमी बसलात म्हणान माका ती सीट दिसली. नायतर धोंडो म्हणान मी फुडे गेलो असतंय."