स्वल्प, बाई!

बाबा आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरात दुसऱ्याच्या दुकानात कपडे शिवायचे. घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. माझी डिग्री झाली, परदेशी एम.एस.ला प्रवेशही मिळाला, पण व्हिसाचं विचारायचं कुणाला?

एजंट म्हणाला, भाषेच्या छोट्या कोर्सचा व्हिसा लवकर मिळतो, तिथे गेल्यावर बदलून घे. त्या व्हिसाचा फॉर्म मी प्रत काढायला त्याच शहरातल्या बसवनगुडीतल्या झेरॉक्सवाल्या अण्णांकडे नेला. चष्मा कपाळावर चढवून ते हातात येणारा प्रत्येक कागद वाचत आणि गिऱ्हाइकाला कानडीत थांबवत, "स्वल्प, स्वल्प!" म्हणजे जरा थांब.

"स्वल्प, बाई! नियम वाचले कुणी? तू की एजंटनं?"

"एजंटनं."

"मग विमानात त्यालाच बसव."

त्यांनी प्रत काढलीच नाही, स्टूल पुढे सरकवलं. रागारागानं मी तिथेच बसून मोबाइलवर त्या देशाचे नियम ओळ न् ओळ वाचले. कोर्सचा व्हिसा तिथे बदलता येत नव्हता. कोर्स संपला की परत यावं लागलं असतं. एम.एस.च्या व्हिसाचा फॉर्म मग मी स्वतःच भरला.

व्हिसा आला, तोही अण्णांनी आधी वाचला, मग त्याची प्रत काढली.

आज मी एम.एस. आहे. आमच्या घरातली पहिली.