शहाबादी फरशीवरची ऊब

भुताची गोष्ट कोणी सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — खोलीचं तापमान किती होतं? घरचे चिडतात. पण न्यायवैद्यक डॉक्टर म्हणून सगळी नोकरी हैदराबादेत मढ्यांच्या संगतीत काढली, आणि त्यांतल्या एकानेही मला कधी त्रास दिला नाही. जिवंतांचं तसं सांगता येणार नाही. तेव्हा हा प्रकार घडला तसा सांगतो... मानायचं की नाही ते तुम्ही बघा.

नव्वदीतली गोष्ट. गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले होते आणि घरटी एक पोरगा अमेरिकेच्या वाटेवर होता. जामबाग मोहल्ल्यात मालतीबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. बहीण वारल्यावर तिच्या मुलाला, अरुणला, त्यांनीच वाढवलं. त्याचा व्हिसा आला आणि घरात वाजलं. आदल्या रात्रीचं त्यांचं भांडण शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. सकाळी अरुण ऑफिसला गेला. दुपारी कामवाली आली तर बाई आपल्या खोलीत फरशीवर उताण्या पडलेल्या, कपाळावर मार.

पोलिसांनी मला त्या घरीच बोलावून घेतलं. इन्स्पेक्टरचं गणित सोपं होतं. ''डाक्टरसाब, टाइम बोल दो बस. रात की मौत है तो पोट्टा अंदर, सुबू के बाद की है तो घर.''

वेळ काढायची आमची रीत अशी — मेलेलं शरीर आतली उष्णता भोवताली देत देत खोलीइतकं गार होतं. किती गार झालं, त्यावरून माणूस जाऊन किती वेळ झाला याचा अंदाज येतो. एकदा मोजून भागत नाही. थोडं थांबून पुन्हा मोजायचं, म्हणजे उतार कळतो. जानेवारी होता, खिडकी उघडी, आणि खाली शहाबादी फरशी. ती तर अंगातली ऊब ओढूनच घेते.

बाईंचं अंग लाकडासारखं ताठलं होतं. पाठीवर रक्त साकळल्याचे डाग, दाबूनही न हटणारे. एवढं व्हायला निदान आठ-दहा तास लागतात, म्हणजे मृत्यू रात्रीचा. आणि थर्मामीटर मात्र जिवंत माणसाचं तापमान दाखवत होता! दुसरा लावला. तेच. थांबून पुन्हा मोजलं — उतार नाहीच. माझा मदतनीस यादगिरी बाईंच्या तळव्याला हात लावून म्हणाला, ''सार, अम्मा अबी बी गरम है.'' नाडी, डोळे, छाती, सगळं पुन्हा तपासलं. बाई गेलेल्याच होत्या. अंगात ताप असला तर गार व्हायला उशीर लागतो, हे मला ठाऊक होतं. पण उशीर लागणं वेगळं आणि न होणं वेगळं.

तेवढ्यात अरुणला ऑफिसातून घेऊन आले. हाताला धरून त्याला बसवलं, तर हात बर्फ. मग तो एकच गोष्ट घोकत राहिला — रोज मावशीच्या पाया पडूनच निघतो, आज रागात नाही पडलो, तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, तसाच गेलो. आता पडू का, म्हणून त्याने विचारलं. इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. अरुणने बाईंच्या पावलांवर दोन्ही हात ठेवले, वर डोकं टेकलं आणि काही वेळ तसाच राहिला.

उठवायला मी पुन्हा त्याचा हात धरला. चुलीपुढून उठून आल्यासारखा तापला होता. ताप चढला असेल म्हणून खिशातला थर्मामीटर त्याच्या काखेत लावला, ताप नव्हता. मग, का कोण जाणे, बाईंचं तापमान आणखी एकदा घेतलं. फरशीइतकं गार.

बर्फाच्या लादीवर ठेवलं तरी माणसाचं शरीर इतक्यात गार होत नाही. आणि उष्णता नाहीशी होत नसते. तिला कुठेतरी जावं लागतं. खोली होती तेवढीच थंड होती.

शवविच्छेदनात निघालं की हृदय बंद पडलं होतं. कपाळाचा मार पडताना कॉटची कड लागल्याचा. अरुण सुटला. सगळी मापं मी आली तशी लिहिली. वरच्यांनी थर्मामीटर बदला म्हणून सांगितलं, मी बदलले. जुने अजून घरात आहेत, बरोबर चालतात. स्पष्टीकरण मात्र अजून हाती लागलेलं नाही.

अमेरिकेला जायच्या आधी अरुण काचीगुड्याला माझ्या घरी आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, ''काका, खरं सांगा. मी सकाळी निघालो तेव्हा मावशी होती का?''

ताठलेलं अंग म्हणत होतं, नव्हती. तापमान म्हणत होतं, होती. न मोजलेलं सांगायची मला सवय नाही.

''तू येईपर्यंत ती गरम होती,'' मी म्हणालो. ''एवढं मी स्वतः मोजलंय.''