नीलवरचा डबा

आमच्या थोरल्या नणंदबाईंच्या घरून रिकाम्या हाताने परत आलेला माणूस अख्ख्या एरंडोल तालुक्यात सापडायचा नाही. मी शोधून बघितलं आहे. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस वांगी घेऊन जातो, गॅसची टाकी आणणारा लिंबं घेऊन जातो, आणि एकदा मत मागायला आलेला एक उमेदवार उन्हात वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे घेऊन गेला. तो निवडणुकीत सपाटून पडला, पण बिबड्यांचा डबा त्याने फराळ भरून परत पाठवला. कारण अक्कांचा (त्यांना लहानथोर सगळे अक्काच म्हणतात) दुसरा नियम पहिल्याहून कडक आहे. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे, नाही असं नाही. आम्ही जळगावकर मंडळी तेवढ्यापुरती चिमूटभर साखर टाकून मोकळी होतो. अक्कांना साखर चालत नाही. भांड्यात जे जायचं ते स्वतःच्या हातचं असलं पाहिजे आणि झाकण लावताना थोडं दाबावं लागलं पाहिजे. "रिकामं भांडं परत धाडं का घरनी लक्ष्मी त्यान्हा मांगे चालनी जास," असं त्या मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. तेव्हा मी नवी होते, घाबरून मान डोलावली. आता जुनी झाले आहे, तरीही डोलावतेच.

अशा बाईला घेऊन अंदमानला जायचं हे आमच्या लेकीच्या डोक्यातून निघालं. आत्याने समुद्र पाहिलेला नाही, हे तिला कुठल्याशा गप्पांत कळलं आणि तिने मोबाइलवर चार दिवस बोटं फिरवून सगळं ठरवून टाकलं. विमान, बोटी, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. अक्का नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तठे लोके ऱ्हातस ना?" लोक राहतात म्हटल्यावर त्या तयारीला लागल्या. तयारी म्हणजे काय, ते मला त्या जळगावात मेहरूणला आमच्या दारात रिक्षातून उतरल्या तेव्हा समजलं. स्वतःच्या दोन साड्या एका पिशवीत आणि बाकी तीन बोचकी परक्या लोकांसाठी. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, बिबडे, मेथीचे लाडू, लसणीचा ठेचा, हिरव्या मिरच्या, लसूण. आमच्या घरच्यांनी कपाळाला हात लावला. "अक्का, आपण फिरायला चाललोय, लग्नाला नाही!" त्यावर अक्का म्हणाल्या, "लगीनमा तं लोके वळखीना ऱ्हातस. आठे तं कोन्हीच वळखत नही. मंग जास्ती नको का?" विमानतळावर पिशवी तपासणाऱ्या बाईने ठेच्याची बरणी नाकाशी नेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांनी तिला पदराने डोळे पुसू दिले आणि वर दोन लाडू दिले. ती बाई ड्यूटीवर होती, घेता येत नाही म्हणाली, पण तोवर लाडू तिच्या हातात पोचले होते.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यापासून आमची सहल कमी आणि अक्कांचं वाटप जास्त सुरू झालं. आम्हाला फिरवणारा टॅक्सीवाला मूळचा तमिळ, तीन पिढ्या तिथलाच. पहिल्या दिवशी तो अक्कांना "मांजी" म्हणत होता, दुसऱ्या दिवशी त्याची बायको केळीच्या पानात इडल्या बांधून देत होती आणि तिच्या घरात आमचे उडदाचे पापड तळले जात होते. अक्का मासे खात नाहीत, पण खानावळीत शिरल्या की थेट चुलीपाशी जाऊन उभ्या राहत आणि माशाला मसाला कसा लावतात ते सगळं विचारून घेत. आपण जे खात नाही ते कसं करतात याची एवढी चौकशी करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भाषेची अडचण त्यांना येत नव्हती, ती आम्हाला येत होती. त्या अहिराणीत बोलायच्या, समोरचा त्याच्या भाषेत बोलायचा, आणि मध्ये हिंदीतून भाषांतर करायला गेलेले आमचे हे दोघांनाही अडगळ वाटायचे.

सेल्युलर जेल बघायलाही गेलो. लांबच लांब कोठड्या, जाड गज, नारळाचं तेल काढायचा तो घाणा. गाइड घडाघडा सांगत होता, माणसं फोटो काढत होती. अक्कांनी घाण्याच्या दांड्यावर हात ठेवला आणि मध्येच विचारलं, "भाऊ, यास्ले जेवाले काय देयेत?" तो थांबला. बहुतेक त्याला लोक वेगळं काहीतरी विचारत असतील. तो म्हणाला, "पोटभर नाही द्यायचे मांजी, एवढं नक्की." अक्का तिथून हलल्या नाहीत. निघताना त्यांनी एका कोठडीच्या उंबऱ्यावर मेथीचा लाडू ठेवला. पहारेकऱ्याने पाहिलं आणि तो दुसरीकडे बघत राहिला. त्या दिवशी मला आमच्या नणंदबाईंविषयी जो अभिमान वाटला तो मी अजून त्यांना बोलून दाखवलेला नाही.

मग रॉस बेटावर गेलो. तिथल्या पडक्या चर्चच्या भिंती झाडांच्या मुळ्यांनी कवळून धरल्या आहेत, आणि मधून हरणं हिंडत असतात. अक्कांनी त्यांना बिबडे दिले नाहीत हे नशीब, कारण तिथे काही खाऊ घालायला बंदी असल्याची पाटी आमच्या लेकीने आधीच वाचून दाखवली होती. "हाई कसं गाव व माय, जठे पाव्हन्याले वाढनं बी गुन्हा शे!" एवढं म्हणून त्यांनी बिबडे परत बांधले आणि जेट्टीवरच्या नारळपाणीवाल्याला दिले. हॅवलॉकला पांढऱ्या वाळूवर त्या पहिल्यांदा समुद्रात उतरल्या. लुगडं घोट्यापर्यंत वर धरून बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी देवाधर्माचं बोलतील. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "कितलं पानी व माय! आनि बठ्ठं खारं. एक वाफा बी भिजाडता येवाव नही." मग वाकून त्यांनी समुद्राला नमस्कार केला. बहुधा त्याची कीव आली असावी.

आमचं शेवटचं बेट नील. ते बाकीच्या बेटांसारखं नाही, भाजीपाला पिकवणारं आहे. वाटेत दोन्ही बाजूंना वाफे, मांडव, केळीचे घड, आणि अक्कांचा जीव तिथे पोचल्याबरोबर थाऱ्यावर आला. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो ती घरमालकीण बंगाली, अक्कांच्याच वयाची, कपाळाला मोठं कुंकू, हातात शंखाच्या बांगड्या. तिच्या घरामागे वांगी लागलेली होती. लांबट हिरवी नव्हती आपल्याकडच्यासारखी, जांभळी होती, पण वांगी ती वांगी. अक्कांनी एक तोडून हातात तोललं, देठ बघितला, आणि मालकिणीकडे बघितलं. मालकिणीने हाताने भाजल्याची खूण केली. झालं, दोघींचं ठरलं.

आपल्याकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. तिथे कपाशी कुठली? मालकिणीने नारळाच्या शेंड्या आणून टाकल्या. अक्का साशंक होत्या, पण धूर सुटला तसा त्यांचा चेहरा निवळला. वांगी भाजून निघाली, दोघींनी सोलली. मालकीण मोहरीचं तेल घालायला निघाली, अक्का शेंगदाण्याच्या तेलावर अडून बसल्या, शेवटी दोन पातेल्यांत दोन भरितं झाली. अक्कांनी आपल्याजवळच्या सगळ्या मिरच्या, सगळी लसूण आणि उरलेलं सगळं कळण्याचं पीठ तिथे काढलं. भाकरी थापल्या. शेजारची माणसं आली, त्यांची मुलं आली, बोटीवरचे कुणीकुणी आले. "अक्का, थोडं पीठ ठेवा," मी म्हटलं, "परतीच्या वाटेवर लागेल." "परतीना वाटवर आपले घर शे," त्या म्हणाल्या. बोचकी झटकून, घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवली. एवढ्या लांबून आणलेलं सगळं संपलं याचाच त्यांना आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेट्टीवर रांगेत उभे, बोट लागलेली. आणि ती मालकीण घाईघाईने येताना दिसली. हातात स्टीलचा कडीचा डबा. नारळाचे लाडू होते, गुळाचे, नुकतेच वळलेले, डबा बाहेरून गरम. तिने तो अक्कांच्या हातात दिला आणि हसत त्यांच्या गालाला हात लावला. अक्कांनी डबा घेतला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

द्यायला काहीच उरलं नव्हतं. तीन बोचकी रिकामी. त्यांनी ती पुन्हा उघडली, उलटी केली, हलवली. पिशवी चाचपली, पदराची गाठ चाचपली. आमच्या ह्यांनी सुचवलं, लाडू कागदात काढून घ्या आणि डबा देऊन टाका. अक्का म्हणाल्या, "रिकामा?" तो एकच शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारला की ह्यांनी पुढे केलेला कागद परत खिशात घातला. लेकीने पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला. "आत्या, हा घाला." अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "दुकानना? मन्हा हातले काय व्हयनं?" बोटीवरचा माणूस ओरडायला लागला. मागची रांग ढकलायला लागली. ही बोट चुकली तर पुढचं विमानही चुकणार होतं, आणि हे आम्ही तिघं अक्कांना कळकळून सांगत होतो. मालकिणीला कशाचाच पत्ता नव्हता, ती हात हलवत होती. शेवटी अक्का डबा छातीशी धरून बोटीत चढल्या. बोट सुटली तेव्हा कठड्याशी उभं राहून, घरी शेताच्या बांधावरून हाक मारतात तशा त्या ओरडल्या, "तुन्हा डबा मन्हाकडे शे व बहीन! भरीसन लई येसू!" बंगाली बाईने तिकडून काहीतरी ओरडून उत्तर दिलं. काय ते कळलं नाही, पण अक्का म्हणाल्या, "हा म्हने ती."

लोकांच्या दृष्टीने सहल तिथे संपली. अक्कांची अजून चालू आहे. तो डबा एरंडोलजवळच्या त्यांच्या घरी, देवाच्या शेजारच्या फळीवर आहे, आणि तो कधीही रिकामा नसतो. दिवाळीला त्यात सांजोऱ्या असतात, थंडीत मेथीचे लाडू, उन्हाळ्यात नवे पापड. जुनं झालं की घरात वाटून टाकायचं आणि नवं भरायचं, कारण जायचा योग कधी येईल सांगता येत नाही आणि ऐन वेळी पुन्हा तशी फजिती नको. कुरिअरने पाठवू या, असं आमच्या ह्यांनी एकदा सुचवलं. अक्कांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की कुरिअरवाल्याला ती बाई पाणी विचारील, चहा पाजील, पण भरीत कसं झालं होतं याच्या आठवणी ती कोणाबरोबर काढणार?

या थंडीत आम्ही त्यांच्या मळ्यात भरीत खायला गेलो. या वेळी काड्या पेटवायला अक्का खाली बसल्या नाहीत, खुर्ची मागवली. जेवणं झाल्यावर त्यांनी मला घरात बोलावलं आणि फळीवरचा डबा माझ्या हातात दिला. भरलेला होता, झाकण दाबून लावलेलं. "आते मन्हा गुडघा कामना ऱ्हायनात नही. बोटमा चढता येवाव नही. तू जाशी तवय दी येजो." मी म्हटलं, अक्का, आपण दोघी जाऊ, पायऱ्या चढायला मी धरीन. त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आनि तिनी परत भरी दिधा तं लई येजो. नही म्हनू नको. भांडं येत-जात ऱ्हावाले पाह्यजे."

तो डबा आता मेहरूणला माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी जाणार आहे, लेकीने सुट्टी बघायला घेतली आहे, आणि डबा माझ्या हातचं भरून त्या बाईच्या हातात देणार आहे. पण माझ्या फळीवर त्याच्या शेजारी आणखी एक डबा आहे, अक्कांचा स्वतःचा, पितळी, गेल्या संक्रांतीला तिळाचे लाडू घालून पाठवलेला. तो मी मुद्दाम परत केलेला नाही. त्या दर फोनवर विचारतात, "मन्हा डबा कोठे शे व?" आणि मी दर वेळी सांगते, "भरायचाय अजून, अक्का." त्या चिडतात, मला आळशी म्हणतात, पुढच्या फोनवर पुन्हा विचारतात. विचारू देत. तो डबा माझ्याकडे आहे तोवर त्यांना माझ्याकडून काही येणं आहे, आणि येणं बाकी असताना अक्का कुठे जायच्या नाहीत, असं मी मनाशी धरून बसले आहे.